शाळेची पायरी : पाचवी झाली, आता सहावीला कुठं?

फेब्रुवारी संपत आला की या सदराची पत्रं एकाच विषयावर येतात. पाचवीतल्या पोरांचे आईबाप अचानक जागे होतात. मी आयुष्यभर सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले तेव्हा मुख्याध्यापिका होते, त्यामुळं या पत्रांना टाळता येत नाही. पत्रांत शाळांची नावं होती, ती मी गाळली आहेत. नाव छापलं की लोक नावावर भांडतात आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

प्रश्न : आम्ही पवननगरला राहतो. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, मी घरी शिवणकाम करते. मुलगी यंदा पाचवी संपवेल. घराजवळ मनपाची शाळा आहे, पहिली ते आठवी. दुसरं एका जुन्या संस्थेचं अनुदानित हायस्कूल, पाचवी ते दहावी, तिथं सेमी आहे, पण हायवे ओलांडून जावं लागतं. मोठ्या जाऊबाई म्हणतात, दहावीचा निकाल बघ आणि नाव टाक. शेजारच्या ताई म्हणतात, मनपाच्या शाळेत आता मोठ्या स्क्रीनवर शिकवतात. तुलना करायची तर कशाची करायची?
— एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, जाऊबाईंपासून सुरुवात करू. दहावीचा निकाल बोलतो तो त्या शाळेच्या नववी-दहावीबद्दल. त्यातही काही ठिकाणी कच्च्या पोरांच्या पालकांना नववीतच बोलावून 'याला सतरा नंबरला बसवा', म्हणजे बाहेरून परीक्षा द्यायला लावा, असं सांगितलेलं असतं. शंभर टक्के निकालाच्या फ्लेक्सवर ती पोरं कुठून येणार? सहावी ते आठवीचा मात्र कुठलाच निकाल छापून येत नाही. आठवीची वार्षिक परीक्षा आता पुन्हा आली, तीही शाळाच घेते. 'परख'सारखी सर्वेक्षणं होतात, पण ती नमुन्यापुरती. तुमच्या गल्लीतल्या शाळेचं नाव घेऊन ती काही सांगत नाहीत. म्हणजे या तीन वर्षांबद्दल जे कळायचं ते स्वतः जाऊन बघण्यातूनच.

आपल्याकडं सहावी ते आठवीची वेगळी शाळा नसते, हे आधी ध्यानात घ्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी वाटणी केली. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. पण इमारती, संस्था, शिक्षकांची पदं सगळी जुन्या हिशेबाची. चौथीपर्यंत प्राथमिक आणि पाचवीपासून हायस्कूल, नाहीतर मनपा-जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. त्यामुळं हे तीन वर्ग एका ठिकाणी घरातले थोरले असतात आणि दुसऱ्या ठिकाणी धाकटे. थोरल्याला मान असतो, काम पडतं, पण घरात वस्तू बेताच्या. धाकट्याला थोरल्याच्या वस्तू वापरायला मिळतात, पण त्याच्याकडं बघायला कुणाला वेळ नसतो. तुमच्या दोन शाळांमधला खरा फरक हा आहे. सेमी आणि स्क्रीन त्यानंतर.

मनपाच्या शाळेत सातवी-आठवीची पोरं परिपाठ चालवतात, पाहुणे आले की पुढं असतात, मुख्याध्यापकांना नावानिशी माहीत असतात. तिथं विचारायचा प्रश्न एकच : सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाचे पदवीधर शिक्षक कोण आहेत? कायद्यानं या तीन वर्गांना विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा असे निदान तीन शिक्षक हवेत, आणि ३५ मुलांमागं एक. कागदावर पद असतं, माणूस असेलच असं नाही. बदली झाली, निवृत्त झाले, जागा भरायची आहे, तोवर भाषेच्या बाई गणितही घेतायत. त्या बाई मनापासून घेत असतील, तरी आठवीतल्या बैजिक राशींचे अवयव पाडायला बसलं की उसनं अवसान पुरत नाही.

हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा असते, मोठं मैदान असतं, ग्रंथालयाचं कपाट असतं. पण प्रयोगशाळेची चावी दहावीच्या प्रात्यक्षिकांसाठी. सगळ्यात चांगले गणिताचे सर दहावीला, आणि सहावीच्या वाट्याला ज्यांचा कार्यभार पूर्ण व्हायचा राहिलाय ते. वर्गात साठ-पासष्ट पोरं. तिथं विचारायचं : सहावीला गणित कोण शिकवतं, आणि तेच सर पुढं सातवीलाही असतात का? मुख्याध्यापक लगेच नाव सांगत असतील तर चांगलं. 'बघू, जूनमध्ये वेळापत्रक लागेल' म्हणाले तर समजून घ्या.

आता वही. शाळेत जाऊन कुणी वही दाखवत नाही, म्हणून ती गल्लीत बघायची. दोन्ही शाळांत जाणारी सहावीची पोरं तुमच्या आसपास असतीलच. त्यांची गणिताची वही मागा आणि पूर्णांक संख्यांचं प्रकरण उघडा. मी अशा एका वहीत बघितलंय : उणे सात अधिक तीन बरोबर उणे दहा. त्यावर लाल शाईची बरोबरची खूण, पानाखाली सही, तारीख नाही. पुढची पाचही उदाहरणं तशीच चुकलेली आणि तशीच 'बरोबर'. दुसऱ्या एका मुलाच्या वहीत नेमकी हीच चूक होती, पण उणे दहाभोवती गोल आणि बाजूला लिहिलेलं, 'संख्यारेषा काढ'. खाली पोरानं पट्टीनं रेषा काढून उणे सातपासून उजवीकडं तीन घरं मोजत उणे चारवर आणलेलं होतं, खोडाखोड करून. ही दुसरी वही ज्या शाळेतली, ती शाळा निम्मी पसंत करायला हरकत नाही. तिच्या भिंतीला रंग नसला तरी चालेल.

वही हातात आहे तोवर मागची पानंही बघा. भौमितिक रचना करून घेतल्यात का? कागदाला परकाराच्या टोकाची भोकं दिसली पाहिजेत. कंटाळलेला मास्तर सगळ्यात आधी भूमिती सोडतो. परकार, कोनमापक घेऊन साठ पोरांत फिरायचं म्हणजे कंबर मोडते, म्हणून ते प्रकरण 'घरून करून आणा'वर जातं.

शेजारच्या ताईंच्या स्क्रीनबद्दल. मनपानं स्मार्ट स्कूलमध्ये वर्गात पॅनल बसवले, चांगलंच केलं. ज्या वर्गात शिक्षक आहे तिथं त्याचा फार उपयोग होतो. नाडीचे ठोके मोजायला लावून मग त्यावर हृदय धडधडताना दाखवलं की पोरं हलत नाहीत. शिक्षक नसलेल्या वर्गात मात्र तो टीव्ही होतो. तो रोज वापरात आहे का हे विचारू नका, त्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. धूळ खोटं बोलत नाही.

सेमीचं जरा सविस्तर सांगते, कारण इथं पालक फसतात. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. वाईट नाही. पण कित्येक अनुदानित संस्थांत सेमीची तुकडी विनाअनुदानित असते. इमारत तीच, गणवेश तोच, घंटा तीच. पण त्या तुकडीच्या शिक्षकांना सरकार पगार देत नाही, संस्था देते, आणि संस्था तो तुमच्याकडून घेते. मानधनावरचे शिक्षक दुसरी नोकरी मिळाली की वर्षाच्या मध्यात जातात. म्हणून फॉर्म भरण्याआधी ऑफिसात क्लार्कला स्पष्ट विचारा, 'ही तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित?' मुख्याध्यापकांपेक्षा क्लार्क सरळ सांगतो. दुसरं, तुकड्या कशा पाडतात तेही विचारा. हुशार पोरं 'अ'मध्ये आणि राहिलेली 'ड'मध्ये असं असेल, तर तुम्ही शाळा निवडत नाही, तुकडी निवडताय. आणि ती तुमच्या हातात नाही.

अनुदानाचा अजून एक धागा आहे. आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते. उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. उत्पन्नाची अट साडेतीन लाखांच्या आत. ती शासकीय, मनपा-जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतल्या पोरांसाठीच आहे. विनाअनुदानितमधली मुलं बसू शकत नाहीत. अंबडच्या कंपनीतला पगार बघता तुमच्या लेकीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. दोन्ही शाळांत विचारा की आठवीतली किती मुलं एनएमएमएसला बसवली. निवड किती झाली ते नंतर. बसवलीच नसतील तर त्या शाळेनं आपल्या पोरांची उमेदच सोडली आहे.

खर्चाचं थोडक्यात : पाठ्यपुस्तकं आणि दुपारचा आहार दोन्हीकडं आठवीपर्यंत मोफत, गणवेश मनपात मिळतो, हायस्कूलमध्ये तुमचा. मोठा फरक पडेल तो रिक्षाचा.

हायवेचं मात्र मनावर घ्या. कायद्याच्या नियमात सहावी ते आठवीची शाळा ३ किलोमीटरच्या आत असावी असं आहे, पण नियमात मुंबई-आग्रा रस्ता दिसत नाही. उड्डाणपुलाखालून, बोगद्यातून जूनच्या पावसात अकरा वर्षांच्या पोरीनं दप्तर घेऊन जायचं. एकदा सकाळी शाळेच्या वेळेला तुम्ही स्वतः चालून बघा. रिक्षावाल्या काकांकडं किती पोरं बसतात तेही मोजा. सिटीलिंकचा विद्यार्थी पास निघतो, पण बस घरापासून किती लांब आणि शाळा सुटताना मिळते का, ते बघून ठरवा.

शेवटचा मुद्दा नववीचा, आणि मनपाच्या शाळेचं नाव टाकताना पालक हाच विसरतात. आठवीला मोफत शिक्षणाचा कायदा संपतो. मनपाच्या माध्यमिक शाळा मोजक्याच आहेत. हायस्कूलं आपली नववी स्वतःच्याच आठवीतून भरतात, बाहेरच्याला जागा शिल्लक राहिली तर. त्यामुळं आठवीच्या निकालानंतर जूनमध्ये धावपळ करायची नाही. सातवी संपतानाच त्या हायस्कूलच्या ऑफिसात जाऊन यायचं.

मला विचाराल तर : मनपाच्या शाळेत गणिताचा पदवीधर शिक्षक हजर असेल, वही ठीक असेल, आणि सातवी-आठवीचा पट दरवर्षी गळत नसेल, तर तीन वर्षं तिथंच काढा. पोरगी घराजवळ राहील, मुख्याध्यापकांना नावानं माहीत असेल, रिक्षाचे पैसे वाचतील. यातलं गणिताचं माणूस नसेल, तर हायवेचा त्रास सोसून हायस्कूलच्या अनुदानित तुकडीत घाला, सेमी मिळो न मिळो. विनाअनुदानित सेमीसाठी मशीनवर रात्री जागू नका.

प्रश्न : आम्ही मराठवाड्यातून आलो. मी सातपूर एमआयडीसीत लागलो आहे. मुलगा सहावीत होता. गावाकडची खासगी शाळा राहिलेली फी भरल्याशिवाय दाखला देत नाही. इथली शाळा म्हणते दाखला आणा. मुलगा दिवाळीपासून घरी बसलाय.
— एक कामगार, सातपूर

उत्तर : दादा, उद्या सकाळी मुलाला घेऊन जवळच्या मनपाच्या शाळेत जा. दाखल्याची वाट बघू नका. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये लिहिलंय की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दाखला अडवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हेही त्याच कलमात आहे. वर्षाच्या मध्यात आलात म्हणूनही नाही म्हणता येत नाही. जन्मतारखेचा पुरावा नसेल तरी चालतं. मूल वयाप्रमाणं वर्गात बसवायचं आणि मागचं राहिलेलं भरून काढायला शाळेनं मदत करायची, असा कायदा आहे.

अडचण येते ती संगणकात. मुलाचं नाव यू-डायस या सरकारी नोंदणीवर जुन्या शाळेत असतं, ते त्यांनी सोडल्याशिवाय इकडं येत नाही. ही विनंती नव्या शाळेनं ऑनलाइन पाठवायची असते, ते त्यांचं काम, तुमचं नाही. तोवर मूल वर्गात बसलं पाहिजे. शाळा ऐकत नसेल तर तोंडी वाद घालू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, 'कलम ५ प्रमाणे प्रवेश द्यावा', दोन प्रती काढा आणि एकीवर शिक्का मागा. शिक्का मागितला की निम्मी कामं तिथंच होतात. नाही झालं तर तोच कागद मनपाच्या शिक्षण विभागात द्या.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. सातपूरला दोन-तीन शाळा जवळजवळ असतील तर तुमच्यासारख्या, म्हणजे बाहेरून आलेल्या पोरांची संख्या ज्या शाळेत जास्त आहे ती निवडा. तिथल्या शिक्षकांना अर्ध्या वर्षात आलेलं पोर सांभाळायची सवय असते.

प्रश्न : नातू गिरणाऱ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत. नवोदयची परीक्षा दिली, पण नंबर लागेल असं वाटत नाही. मुलगा म्हणतो त्याला नाशिकला भावाकडं ठेवून इंग्रजी शाळेत घालू. आमच्या शाळेत सहावीला चौदाच पोरं आहेत. काय करावं?
— एक आजोबा, गिरणारे

उत्तर : आजोबा, चौदा पोरं ही शिकवायला सोन्यासारखी संख्या, पण सरकारी हिशेबात धोक्याची. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, शासन निर्णयानं सहावी ते आठवीत पट विसाच्या खाली गेला की शिक्षकाच्या पदावरच गदा येते. त्यावर शिक्षक संघटनांनी बरंच रान उठवलं. म्हणून मुख्याध्यापकांना विचारा, जूनमध्ये सहावी-सातवीला पदवीधर शिक्षक राहणार आहे का? राहणार असेल तर नातवाला हलवू नका. नसेल, तर गावातल्या किंवा शेजारच्या संस्थेच्या हायस्कूलला पाचवी-सहावीपासूनच वर्ग असतात, ते आधी बघा. मराठा विद्या प्रसारकसारख्या १९१४ पासूनच्या संस्थेच्या शाळा जिल्हाभर आहेत, त्यासाठी शहर गाठायची गरज नाही.

काकाकडं राहून इंग्रजी शाळा, हे मला पटत नाही. अकरा वर्षांचं पोर माध्यम, घर आणि गाव एकाच जूनमध्ये बदलणार. त्यातलं एकच बदला.

आणि नवोदयचा निकाल लागेपर्यंत आशा सोडू नका. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे, आणि निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्याच असतात. या वेळी नाही झालं तर आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांसाठी पुन्हा परीक्षा देता येते. जागा थोड्या असतात, तरी फॉर्म भरायला काय जातं? टोमॅटोच्या हंगामात मार्केटला जायच्या गडबडीत फॉर्मची तारीख मात्र चुकवू नका. दरवर्षी कुणीतरी चुकवतंच.

प्रश्न : मॅडम, मागच्या अंकात तुम्ही पालकांना 'वह्या तपासा, वेळापत्रक मागा' म्हणालात. मी स्वतः सहावी-सातवीला शिकवतो. बीएलओचं, म्हणजे मतदारयाद्यांचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या, खिचडीचा हिशेब, यातून वर्गात उभं राहायला वेळ कुठं मिळतो? पालक वही घेऊन भांडायला आले तर?
— एक शिक्षक, नाशिक

उत्तर : सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तक्रार खरी आहे. कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरी अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं आहे. पण निवडणूक या एका शब्दात मतदारयाद्यांचं वर्षभराचं काम मावतं हे आपल्याला दोघांनाही माहीत आहे. त्याच कायद्यात सहावी ते आठवीला वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितलंय. हे दोन्ही एकाच माणसाकडून कसं व्हायचं, ते लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाही.

तरीही पालकांना वही बघू द्या. सगळ्या वह्या तपासणं साठ पोरांत होत नाही, मला ठाऊक आहे. मी रोज दहा वह्या घ्यायचे, आळीपाळीनं, आणि त्या दहा नीट बघायचे. राहिलेल्यांवर नुसती सही करायची नाही. न बघता मारलेली बरोबरची खूण कोऱ्या पानापेक्षा वाईट, कारण पोर त्या चुकीवर विश्वास ठेवतं. पालक आले तर त्यांना सांगा, या आठवड्यात कोणत्या दहा बघितल्या. बहुतेक जण समजून घेतात. जो भांडतो त्याला शाळा व्यवस्थापन समितीत घ्या. तिथं तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, निम्म्या महिला. अशा माणसाला बीएलओच्या कामावर गेलेल्या शिक्षकांची यादी दाखवली की पुढचं पत्र तोच आयुक्तांना लिहितो.

प्रश्न : नाशिकरोडला राहतो, खासगी नोकरी आहे. केंद्रीय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळेल का? तिथं शिक्षण फार चांगलं असं ऐकतो.
— एक वडील, जेलरोड

उत्तर : शिक्षण चांगलं आहे, खरं. नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस, देवळाली, ओझर, इथल्या केंद्रीय विद्यालयांत पहिला मान बदली होणाऱ्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा आणि लष्कराचा. सहावीला परीक्षा नाही, पण जागा रिकामी झाली तरच, आणि खासगी नोकरीवाले यादीत सगळ्यात खाली. फॉर्म भरा, पण दुसऱ्या शाळेतलं नाव पक्कं करून ठेवा. एकुलती एक मुलगी असेल तर त्या सवलतीची चौकशी करा.

प्रश्न : मुलगा पंचवटीत गोदाकाठाजवळच्या शाळेत आहे. २०२७ च्या सिंहस्थात शाळा बंदच राहतील म्हणतात. आत्ताच गंगापूर रोडला घालावं का?
— एक पालक, पंचवटी

उत्तर : नको. पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. २०१५ लाही तेव्हाच होत्या, रस्ते अडले, आठवडाभर इकडंतिकडं झालं आणि पोरं पुन्हा वर्गात बसली. त्या दिवसांत गंगापूर रोडहून पंचवटीत घरी परत येणं जास्त अवघड जाईल.

प्रश्न : मुलगी सहावीत जाईल, वयात येतेय. शाळा बघायला गेलो तर ऑफिसात बसवून चहा देतात, सगळं छान दाखवतात. स्वच्छतागृहाचं कसं विचारावं, संकोच वाटतो.
— एक आई, इंदिरानगर

उत्तर : विचारू नका, वापरा. मधल्या सुट्टीनंतर जा, सकाळी नाही, सकाळी सगळीकडं धुतलेलं असतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी लागते का, नळाला पाणी आहे का, वापरलेलं पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, एवढं बघा. बाहेर आल्यावर शिपाईमावशींशी दोन शब्द बोला. टाकी कधी भरते, कुलूप कधी लावतात, मुलींना तासाच्या मध्ये जाऊ देतात का, हे त्याच खरं सांगतील. मग ऑफिसात जाऊन मुलींच्या सुरक्षेसाठीच्या सखी-सावित्री समितीत कोण कोण आहे ते विचारा. प्रत्येक शाळेत ती असायला हवी आणि नावं फलकावर लिहिलेली हवीत. फलक शोधायला कुणाला उठून जावं लागलं, तर तेवढ्यात चहा संपवा आणि दुसरी शाळा बघायला निघा.